ब्लांमांज : कोंबडीपासून कॉर्नफ्लॉवरपर्यंत

गवतीचहा

मंडळी, शांता शेळक्यांची ‘चौघीजणी’ इथल्या निम्म्या लोकांनी शाळेच्या सुट्टीत वाचली असणार. गेल्या महिन्यात लेकीसोबत मूळ इंग्रजी ‘लिटल विमेन’ (१८६८) वाचायला घेतलं. त्यात ज्यो शेजारच्या आजारी लॉरीला भेटायला जाते तो प्रसंग आठवतोय? एका हातात झाकलेली ताटली, दुसऱ्या हातात बेथची मांजराची तीन पिल्लं. ताटलीत मेगनं केलेलं ब्लांमांज, भोवती हिरव्या पानांची महिरप आणि एमीच्या जिरेनियमची लाल फुलं. मऊ आहे, दुखऱ्या घशातून अलगद उतरेल, असं ज्यो त्याला सांगते.

लेकीनं विचारलं, “म्हणजे कस्टर्ड का गं?” मी “हो, तसंच काहीतरी” म्हणून वेळ मारून नेली. पण ते डोक्यातून जाईना. मग जुनी पाकपुस्तकं जमतील तेवढी चाळली, आणि आता इथे ओतल्याशिवाय चैन पडणार नाही.

आधी नाव. फ्रेंचमध्ये ‘ब्लाँ’ म्हणजे पांढरं आणि ‘माँजे’ म्हणजे खाणं. पांढरं खाणं, बस्स. इंग्रज त्याचा उच्चार ब्लमाँझ असा काहीतरी करतात. मी मराठी तोंडाला सोसेल असं ब्लांमांज लिहितेय, चालवून घ्या.

इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांनी साधारण १३९० साली पाककृतींचा एक संग्रह केला, ‘फॉर्म ऑफ क्युरी’. त्यातली कृती अशी : खच्ची केलेला कोंबडा उकडा. सोललेले बदाम वाटून त्याच कोंबड्याच्या पाण्यात कालवा. या बदामाच्या दुधात धुतलेले तांदूळ शिजवा. कोंबड्याचं छातीचं मांस बारीक तोडून त्यात घाला. पांढरी चरबी, साखर, मीठ. वरून तेलात तळलेले बदाम आणि साखरेत घोळवलेली लाल किंवा पांढरी बडीशेप.

हो, हॉटेलात बिलासोबत येते तसलीच रंगीत बडीशेप. कोंबडीच्या गोड खिमटावर.

चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एक आचारी आहे. त्याच्या नडगीवर चिघळलेली जखम आहे असं कवी हळहळत सांगतो, आणि पुढच्याच ओळीत, ब्लांमांज मात्र तो फर्मास करायचा! या दोन ओळी चॉसरनं मुद्दाम शेजारी लावल्या असणार.

तेव्हाचं ब्लांमांज साच्यातून काढलेलं नव्हतं, पळीवाढं किंवा फार तर घट्ट होतं. गायीच्या दुधाऐवजी बदाम का, तर दूध नासतं, बदाम टिकतात. शिवाय ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आणि आठवड्यातले ठरावीक वार मांस आणि दूधदुभतं वर्ज्य. बदाम उपासाला चालायचे. मग त्या दिवशी कोंबडीच्या जागी मासा घालायचे, आणि पदार्थाचं नाव तेच.

बदाम, साखर, तांदूळ तिन्ही त्या काळात उत्तर युरोपात दुरून येणारे, म्हणजे श्रीमंतांचंच खाणं. आणि रुग्णांचंही. तायव्हाँ या फ्रेंच राजआचाऱ्याच्या नावावर असलेल्या संग्रहात ही कृती आजाऱ्यासाठी म्हणूनच दिली आहे. चौदाव्या शतकातला तो रुग्ण आणि ज्योचा लॉरी यांच्यात पाचशे वर्षं आहेत. तेवढ्यात ताटलीतली एकूण एक वस्तू बदलली, पण ताटली आजाऱ्याच्याच उशाशी राहिली. मला या गोष्टीनं धरून ठेवलंय.

बाकीचं प्रतिसादांत लिहिते, हात दुखला.

पोटोबा

कोंबडीची खीर! सकाळी सकाळी चहा नाकातून आला.

एक शंका. हे पाना कोटाच नाही का? हल्ली प्रत्येक लग्नात शॉटग्लासमध्ये मिळतं ते?

गवतीचहा

@पोटोबा, दिसायला जवळचं, घराणं वेगळं. पाना कोटा म्हणजे शिजवलेली साय. इटलीतल्या पिएमाँतचा पदार्थ, त्यात साय आणि जिलेटिन, बदाम नाहीत. ‘बाव्हारवा’ म्हणजे अंड्याच्या पिवळ्या बलकाचं कस्टर्ड, त्यात जिलेटिन आणि फेटलेली साय. तेच मिश्रण बिस्किटांच्या कुंपणात ओतलं की शार्लोट रूस. ब्लांमांज या सगळ्यांची पणजी. तिचा जीव बदामाच्या दुधात.

भ्रमणमंडळ

कोंबडीची खीर ऐकून हसताय, मी खाल्ली आहे! इस्तंबूलला. तावूक गोय्सू म्हणतात, अर्थ सरळ ‘कोंबडीची छाती’. छातीचं मांस उकडायचं, वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचं, त्याचे केसासारखे धागे काढायचे, आणि दूध, साखर, तांदळाची पिठी यांच्यासोबत घोटत बसायचं. चव विचाराल तर दुधाची. फक्त चमचा उचलला की किंचित तार येते, चीज ओढल्यासारखी. खाली मुद्दाम करपवून गुंडाळी केली की काझानदिबी, म्हणजे कढईचं बूड. आपल्या खरवडीचे शौकीन तिथेच राहायला जातील. (काझानदिबी बऱ्याच ठिकाणी कोंबडीशिवायही करतात.)

आता कबुलीजबाब. सोबत आई होती. जन्मात अंडंही न खाल्लेली. मेनूकार्डावर चित्र पांढऱ्या वडीचं, वर दालचिनी. मी “दुधाचं आहे” म्हणून मागवलं. तिनं दोन वाट्या संपवल्या आणि म्हणाली, “यांना खरवस बरा जमतो.” अर्थ मला रात्री खोलीवर आल्यावर कळला. आजतागायत तिला सांगितलेलं नाही. ती हे संस्थळ वाचत नाही अशी आशा आहे.

पोटोबा

@भ्रमणमंडळ, लिंक काकूंना पाठवू का? :)

नीरक्षीर

खरवसाचा विषय निघालाच आहे तर : खरवस स्वतःच्या जोरावर घट्ट होतो. चिकात प्रथिनं इतकी असतात की नुसत्या वाफेवर ती गोठतात, बाहेरून काही घालावं लागत नाही. साध्या दुधात किंवा बदामाच्या दुधात ती ताकद नाही, म्हणून तिथे कुणाला तरी मदतीला बोलवावं लागतं. ब्लांमांजचा पुढचा इतिहास हा या मदतनिसांचा इतिहास असणार. बरोबर ना, गवतीचहा?

गवतीचहा

अगदी. कोंबडी हळूहळू बाहेर पडली, सतराव्या-अठराव्या शतकात ब्लांमांज पूर्ण गोड झालं आणि त्याला साच्यात उभं राहायची हौस आली. उभं राहायचं तर कणा हवा. मग वासराच्या पायांचं चिकट पाणी आलं, हरणाच्या शिंगाचा कीस आला (खरंच, तो उकळून जेली करत), आणि सगळ्यांत प्रतिष्ठेचा म्हणजे आयझिंग्लास. माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून केलेला, स्टर्जन माशाचा, रशियाहून येणारा. पाण्यात विरघळवला की जवळपास बिनवासाचा आणि स्वच्छ. पांढऱ्या पदार्थाला डाग लावत नाही, हे महत्त्वाचं.

इंग्लंडमध्ये याच कुळातलं ‘फ्लमरी’ फार चालायचं. मँचेस्टरच्या एलिझाबेथ रॅफल्डचं पुस्तक १७६९ सालचं. त्यात फ्लमरीचं सॉलोमनचं मंदिर आहे. फ्लमरीच्या अंड्यांनी भरलेलं कोंबडीचं घरटं आहे. कोंबडी गेली आणि तिची अंडी साखरेची होऊन परत आली!

खाडीपलीकडे

एरवी पाकृच्या धाग्यांवर फिरकत नाही, पण माशाच्या पिशवीचं नाव काढलंत म्हणून आलो.

आमच्याकडे पालघर पट्ट्यात तिला भोत म्हणतात. घोळ माशाचं भोत सगळ्यांत महाग. मासा बाजूला आणि भोताचा भाव बाजूला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मुरबे गावच्या एका बोटीला एकाच फेरीत दीडशेवर घोळ लागले, लिलाव कोटीच्या वर गेल्याची बातमी सगळ्या पेपरांत होती. तो भाव माशाच्या चवीचा नव्हता, भोताचा होता. वाळवून बाहेर देशांत जातं. तिकडे सूप करतात, औषधी मानतात, आणि आयझिंग्लास करून बिअर-वाईन नितळ करायलाही वापरतात.

लहानपणी भोत दोरीवर वाळत घातलेलं पाहिलंय. त्याचा वास साहेबाच्या गोड पदार्थात कसा खपला हे मात्र कळेना.

गवतीचहा

@खाडीपलीकडे, हे सोनं दिलंत. वासाचं उत्तर त्या पुस्तकांतच आहे : लिंबाची साल, कडू बदाम, तमालपत्रासारखी पानं. मिसेस बीटनच्या १८६१ च्या इंग्रजी पाकपुस्तकात दूध, साय, आयझिंग्लास, लिंबाची साल आणि बदाम आहेत, पण बदाम मूठभरसुद्धा नाहीत, वासापुरते. म्हणजे तोवर पदार्थाचा प्राण मसाल्याच्या डब्यात जाऊन बसला होता.

सायसाखर

इंग्लंडातून नमस्कार. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनचं स्वयंपाकघर दोनदा पाहिलंय, त्याबद्दल लिहिते. छताला आधार देणारे लोखंडी खांब, वर तांब्याच्या पत्र्याची ताडाची पानं. आपण स्वयंपाकघरात आहोत की नाटकाच्या नेपथ्यात, कळत नाही. फळ्यांवर तांब्याची भांडी ओळीनं, आणि साचे. बुरुजांचे, कंगोऱ्यांचे. आतून कल्हई केलेले. ती कल्हई पाहून मला एकदम दारावर येणारे कल्हईवाले आठवले, नवसागराचा धूर आणि सगळं.

इथे आंतोनँ कारेम हा नावाजलेला फ्रेंच आचारी राबला. १८१६ मध्ये प्रिन्स रीजंटनं (पुढचा चौथा जॉर्ज) त्याला आणलं. १८ जानेवारी १८१७ ला रशियाच्या ग्रँड ड्यूक निकोलससाठी दिलेल्या मेजवानीत शंभरावर पदार्थ होते. कारेमला ब्लांमांजचं फार कौतुक. त्याच्या मते ते अगदी मऊसूत हवं आणि अगदी शुभ्र हवं, आणि हे दोन गुण एकत्र क्वचित सापडतात.

मला वाटायचं, पांढरं करण्यात काय अवघड? घरी करून पाहिलं तेव्हा कळलं. बदामाची साल एका ठिकाणी राहिली तरी राखाडी छटा येते. आणि कुटताना पाणी चमचा-चमचा घातलं नाही तर तेल सुटतं, मग दूध निघतच नाही, लगदा निघतो. त्याच्या वेळी हे सगळं खलबत्त्यात. मिक्सरवाल्या आपण नशीबवान.

विषयांतर : इथल्या जुन्या पिढीला ब्लांमांज म्हटलं की एकच आठवण, वाढदिवसाला हिरव्या जेलीच्या गवतावर बसलेला गुलाबी ससा. निम्मे जण प्रेमानं सांगतात, निम्म्यांच्या अंगावर काटा येतो. शेजारचे आजोबा दुसऱ्या गटातले.

गवतीचहा

गुलाबी ससा हा शेवटचा अंक. त्याचा खलनायक (माझ्या मते) स्कॉटलंडमधल्या पेझलीचा. ब्राउन अँड पोल्सन ही मंडळी मलमलीच्या कापडाला लागणारी खळ करत. १८५४ मध्ये त्यांनी मक्याच्या खळीचं खायचं रूप पेटंट करून बाजारात आणलं : कॉर्नफ्लोअर. दूध, साखर, दोन-तीन चमचे पावडर, पाच मिनिटं ढवळा, साच्यात ओता. ना बदाम सोलायचे, ना मासा, ना वासरू. त्याआधी १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं बायकोला अंडं सोसत नाही म्हणून बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केलीच होती.

१९०३ मध्ये फ्रेंच आचारी एस्कॉफिए लिहितो की ब्लांमांज हल्ली फारसं कुणी करत नाही ही खेदाची गोष्ट, नीट केलं तर ते उत्तमांपैकी एक. तो फ्रेंच पद्धत आणि इंग्रजी पद्धत अशा दोन वेगळ्या कृती देतो. फ्रेंचमध्ये अर्धा किलोच्या आसपास गोड बदाम, चार-पाच कडू. इंग्रजीत कॉर्नफ्लोअर.

कोंबडी गेली, तांदूळ गेला, बदाम गेले. राहिला पांढरा रंग, आणि पुढे सशापायी तोही गेला.

आजीचा_बटवा

गवतीचहा, छान लिहितेस गं, पण कॉर्नफ्लॉवरला (आम्ही असंच म्हणायचो, आणि फूलच समजायचो) खलनायक म्हणू नकोस. माझी बाजू ऐक.

मी नर्सिंग शिकले तेव्हा रुग्णाच्या आहाराचं प्रात्यक्षिक असायचं. बार्ली वॉटर, बीफ टी, आरारूट कांजी, आणि ‘ब्लँक मँगे’. हो, बाई तसंच वाचायच्या आणि आम्हीही तसंच लिहिलं. दूध, साखर, कॉर्नफ्लॉवर, व्हॅनिलाचे दोन थेंब. वाटी थंड पाण्यात बुडवून काढायची, न पुसता मिश्रण ओतायचं, म्हणजे नंतर सुटून येतं. घशाचं ऑपरेशन झालेल्या पोरांना दिलेलं मी स्वतः पाहिलंय. जी पोरं पेज थुंकायची ती हे गपकन गिळायची. बदाम कुटून आयझिंग्लास विरघळवत बसलो असतो तर वॉर्डात कुणाला मिळालं असतं?

आणि आरारूटाचं म्हणशील तर आमच्या कोकणातली तवकीर त्याच घरातली. रानहळदीसारख्या कंदाचं सत्त्व. इंग्रज तिला ‘ईस्ट इंडियन आरारूट’ म्हणून न्यायचे. उपासाला तवकिरीच्या वड्या आणि पोट बिघडलं की तवकिरीची खीर. आमची आई ताटलीत थापायची, गार झाली की ती थरथरायची. आम्ही तिला ‘घाबरलेली वडी’ म्हणायचो.

गवतीचहा

आजी, खलनायक शब्द मागे घेते. घाबरलेली वडी! हे धाग्याचं नाव असायला हवं होतं.

पोटोबा

कॉर्नफ्लॉवरची बाजू मीही घेतो. आमच्या पुण्यातलं बालपण वीकफिल्डच्या डब्यावर उभं आहे. कंपनी पुण्याचीच, १९५६ पासूनची. पाहुणे आले की फ्रूट कस्टर्ड, आणि राहिलं की सकाळी घट्ट झालेलं वाटीतून उपडं करून खायचं. म्हणजे आम्ही नकळत ब्लांमांजच खात होतो म्हणायचं.

नीरक्षीर

बाकी राहिला मुंबईचा मदतनीस : चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर. लाल समुद्रशेवाळापासून करतात. शाकाहारी घरांत आणि रमझानच्या दिवसांत मोहल्ल्यांतून दुधाचं पांढरं पुडिंग याच्यावरच बसतं. कारण शाकाहार आहेच, पण उन्हाळाही आहे. जिलेटिनची जेली तिशीच्या वर गेली की पाघळायला लागते, म्हणजे मे महिन्यात टेबलावर दहा मिनिटं. अगर साधारण ३५-४० अंशांना गोठतं आणि एकदा गोठलं की ८५ च्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही.

याच गुणामुळे माझं पोट चालतं. मी सूक्ष्मजीवशास्त्रात आहे. १८८१ च्या सुमारास रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जंतू जिलेटिनवर वाढवायचे. पण शरीराच्या ३७ अंश तापमानाला जिलेटिन वितळायचं, आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसेच्या बायकोनं, फॅनी हेसेनं, सुचवलं की अगर वापरून पाहा. ती उन्हाळ्यात जेल्या आणि पुडिंगं त्यावर करायची. तिला ते जावात राहून आलेल्या डच ओळखीच्यांकडून कळलं होतं. कॉखनं १८८२ च्या क्षयरोगावरच्या निबंधात अगरचा उल्लेख एका वाक्यात केला, तिचं नाव न घेता. आज जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत तिचं पुडिंग पेट्री डिशमध्ये असतं.

म्हणून सांगते, स्वयंपाकघरातलं काही “तसंच काहीतरी” म्हणून टाळू नका. :)

सायसाखर

@नीरक्षीर, फॅनी हेसे माहीत नव्हती. वाचनखूण साठवली.

‘लिटल विमेन’ची गोष्ट अमेरिकेतली आहे म्हणून जोड देते : न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर कॅरागीन नावाचं दुसरं समुद्रशेवाळ मिळतं. फॅनी फार्मरच्या १८९६ च्या बोस्टन पाकपुस्तकात त्याचं ब्लांमांज आहे. शेवाळ दुधात शिजवून गाळायचं, झालं. ही फॅनी वेगळी.

भ्रमणमंडळ

आणि पांढरं खाणं जिथे जिथे गेलं तिथे वेगळं झालं. सिसिलीत बियांकोमांजारे, बदामाच्या दुधाचं. स्पेनमध्ये रेउसला मेन्झार ब्लांक. पोर्तुगालमध्ये कोइंब्राच्या मांजार ब्रांकुमध्ये कोंबडी अजून टिकून आहे. ब्राझीलला गेल्यावर त्याच नावाखाली नारळाचं दूध आणि कॉर्नफ्लोअर, वरून आलुबुखारच्या पाकाची धार. आईला आता ब्राझीलला नेणार आहे.

नवखा१२

सगळं वाचलं, भारी धागा. पण कृती कुठाय? शाकाहारी, बदामाची, प्रमाणासकट द्या.

गवतीचहा

काल केलं, तेच प्रमाण देते. चार जणांना पुरेल.

दोनशे ग्रॅम बदाम उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, साली काढून तासभर गार पाण्यात. थोडं थोडं पाणी घालत वाटले, एकूण अर्धा लिटर. पंचात घालून घट्ट पिळले. पाच ग्रॅम चायना ग्रास कातरून पाव लिटर पाण्यात अर्धा तास भिजवलं, मग त्याच पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळलं. एकही तार दिसता कामा नये. त्यात शंभर ग्रॅम साखर, मग बदामाचं दूध आणि अर्धी वाटी साय. गाळलं, पाण्यानं ओलवलेल्या साच्यात ओतलं.

पहिल्या वेळी फसलं होतं. फ्रिजमधलं गार दूध थेट गरम अगरमध्ये ओतलं, तर अगर जागीच गोठून शेवया झाल्या. दूध आणि साय दोन्ही कोमट हवीत. कडू बदाम घालू नका, त्यांच्यात सायनाइड तयार होतं, आपल्याला ते जुनं धाडस नको. वासाला बदाम इसेन्सचा एक थेंब पुरे, दुसरा पडला की साबण.

माझ्याकडे कल्हईचा साचा नाही, म्हणून इडलीपात्राच्या वाट्यांत लावलं. शेजारी तापानं पडलेल्या मुलाला लेक ताटलीत घेऊन गेली. जिरेनियम नव्हतं, जास्वंद लावली. मांजराची पिल्लं नेऊ नकोस म्हणून मीच सांगितलं.

आजीचा_बटवा

त्यानं खाल्लं का?

गवतीचहा

दोन खाल्ली आणि विचारलं, “ही गोड इडली का?” आजी, आता एक वाटीभर बदामाचा चोथा उरलाय. काय करू त्याचं?

आजीचा_बटवा

टाकू नकोस हं. तुपावर परत, निम्मी साखर, जरा वेलची, थापून वड्या पाड. या घाबरायच्या नाहीत.